जागी झाली, पण बोलली नाही : नवापूरच्या एका बाळाच्या टी-पेशींचं प्रकरण

दिवाळी उलटून चारच दिवस झाले होते. नऊ महिन्यांचा मुलगा, वजन ५.९ किलो, आईच्या खांद्यावर मान टाकून पडलेला. श्वास मिनिटाला ७२. छातीला स्टेथोस्कोप लावला तर ऐकू येण्यासारखं जवळजवळ काहीच नाही, आणि बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन ८१. छाती साफ, ऑक्सिजन तळाला. या जोडीचा अर्थ मी परीक्षेसाठी घोकला होता. समोर मूल असताना तो आठवायला मला दोन दिवस लागले, म्हणून हे लिहितो आहे. (ओळख पटू नये म्हणून वय, तारखा, गावं थोडी हलवली आहेत. आईवडिलांना विचारूनच लिहितोय.)

कुटुंब मूळचं साक्रीकडचं. वडील नवापूरजवळच्या पोल्ट्रीत सुपरवायझर, चार शेड त्यांच्याकडे. पाचव्या महिन्यापर्यंत बाळ टुणटुणीत. मग पहिला न्यूमोनिया. नवापूरची माणसं आजारपणात नंदुरबारपेक्षा सुरत जवळ करतात. तिथलं रेल्वे स्टेशनच अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत, त्यामुळे हद्द ओलांडली असं कुणाला वाटतही नाही. सुरतेच्या एका दवाखान्यात आठ दिवस सलाईनमधून अँटिबायोटिक, बाळ बरं. सातव्या महिन्यात पुन्हा तेच. या खेपेला दुसऱ्या एका डॉक्टरांनी फोटो बघून टीबी ठरवला आणि औषधं सुरू केली. जठरातला स्राव नळीनं काढून तपासलेला नाही, घरात कुणाला टीबी नाही, पण औषधं चालू. दोन महिन्यांत वजन शंभर ग्रॅमनंही वाढलं नाही. त्या डॉक्टरांना नावं ठेवायला मी मोकळा नाही, कारण पुढची चूक माझी आहे.

एक्स-रेत दोन्ही फुप्फुसांवर सारखीच धूसर छटा, आंघोळीनंतरच्या आरशासारखी. रक्तात एकूण पांढऱ्या पेशी ६,८००, त्यात लिम्फोसाइट ४,९०० आणि न्यूट्रोफिल फक्त ४१०. तोंडात दोन चट्टे. प्रतिकारशक्तीचा जन्मजात दोष असेल का, हा प्रश्न मला पडला होता, खोटं बोलत नाही. पण लिम्फोसाइट भरपूर, एक्स-रेत थायमसची सावली नीट दिसतेय, दंडावर बीसीजीचा व्रण सुबक भरलेला. लिम्फोसाइटमधल्या टी-पेशी थायमस या छातीतल्या ग्रंथीत घडतात. ती ग्रंथीच नसती तर सावली दिसली नसती, पेशी मोजणीत उतरल्या नसत्या, आणि बीसीजीच्या जिवंत जंतूंनी एव्हाना धिंगाणा घातला असता. हे सगळं बरोबर आहे. त्यावरून मी केसपेपरवर ‘इम्युनो-डेफिशियन्सी शक्यता कमी’ असं लिहिलं, ते चुकलं. न्यूट्रोफिल पडले त्याचं खापर व्हायरलवर फोडून मोकळा झालो.

म्हणजे पेशी मोजल्या, पुरेशा निघाल्या, आणि मी थांबलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाळाची आजी, आईची आई, शिंदखेड्याहून आली. ऑक्सिजनची नळी बघितली आणि दारातच बसली. म्हणाली, “मना धाकला पोऱ्या बी असाच गया, डॉक्टरसाहेब. दम लागीसन.” तो वर्षाचाही झाला नव्हता. बाळाच्या आईला हे माहीत होतं, पण तिला कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही. मी ‘घरात कुणाला टीबी, दमा?’ एवढंच विचारलं होतं.

आईचा भाऊ, आणि आता आईचा मुलगा. आईकडून येणारा आणि मुलग्यांनाच गाठणारा दोष एक्स गुणसूत्रावर बसलेला असतो. मग दोन दिवस आधी आठवायला हवं होतं ते आठवलं. साफ छाती आणि बुडालेला ऑक्सिजन म्हणजे न्यूमोसिस्टिस. ही एक बुरशी आहे. निरोगी माणसांच्या फुप्फुसातून ती येऊन-जाऊन असते, त्रास देत नाही. अहवालाची वाट न पाहता को-ट्रायमॉक्साझोलचा मोठा डोस आणि सोबत स्टिरॉइड सुरू केलं. नाका-घशातला स्राव पीसीआरला, आणि इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे प्रतिपिंडं, मोजायला रक्त पाठवलं. टीबीची औषधं बंद केली. चौथ्या दिवसापासून ऑक्सिजनचा काटा खाली आणता आला. पीसीआर पॉझिटिव्ह आल्याचं कळलं तेव्हा बाळ वाटी-चमच्यानं दूध घेत होतं.

इम्युनोग्लोब्युलिनच्या तीन प्रकारांचा कागद असा होता : आयजीजी ४८ (या वयाला किमान तीनशेच्या आसपास हवं), आयजीए मोजता येण्याच्या खाली, आणि आयजीएम २६८, म्हणजे वरच्या मर्यादेच्याही वर. लॅबवाल्याचा फोन आला, “सर, आयजीएम वाढलंय, ताजं इन्फेक्शन आहे ना?” पटणारा अर्थ. पण आयजीएम वाढलेलं आणि बाकी दोन्ही जवळजवळ शून्य, याचा अर्थ निराळा. पाचव्या महिन्यापर्यंत बाळ का टिकलं, तेही याच कागदात होतं. वारेतून बाळाला मिळतं ते आईचं आयजीजी. त्यातलं निम्मं दर तीन आठवड्यांना संपत जातं. शिदोरी संपली आणि पहिला न्यूमोनिया आला.

वडिलांना समजावताना मी म्हणालो, “रक्तात एक संरक्षक द्रव्य तयार होतं, ते याच्यात तयार होत नाही.” ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “सर, म्हणजे गम्बोरोसारखं?”

मी खुर्चीत सरसावून बसलो. नवापूरला हे असं आहे. २००६ च्या फेब्रुवारीत देशातला कोंबड्यांमधला पहिला बर्ड फ्लू याच तालुक्यात सापडला, तेव्हापासून तिथला शेडवरचा माणूसही विषाणूंबद्दल ज्या सहजतेनं बोलतो तसं आमच्याकडचे काही पदवीधरही बोलत नाहीत. गम्बोरो म्हणजे पिल्लांचा एक विषाणूजन्य रोग, अमेरिकेतल्या ज्या गावाजवळ तो पहिल्यांदा ओळखला गेला त्याच्या नावावरून पडलेलं नाव. कोंबडीच्या गुदाशेजारी एक छोटी पिशवी असते, बर्सा. हा विषाणू नेमकी तीच पोखरतो. वडिलांनीच सांगितलं, “पहिल्या दोन-तीन आठवड्यांत लागला तर पिल्लू मरत नाही, दिसतही काही नाही. पण मग लासोटा द्या, काही द्या, लस लागतच नाही. पुढे ई-कोलायनं जातं.”

प्रतिकारशक्तीच्या शास्त्रातला एक मोठा शोध याच पिशवीतून आलाय. ब्रूस ग्लिक हा अमेरिकन संशोधक बर्सा काढलेल्या कोंबड्यांवर काम करत होता. ओहायोतला त्याचा सहकारी चँग यानं वर्गातल्या प्रात्यक्षिकासाठी त्यातल्या काही कोंबड्या उसन्या नेल्या, साल्मोनेला टोचला, आणि प्रतिपिंडं दिसेनात. शोधनिबंध नावाजलेल्या नियतकालिकानं परत पाठवला, म्हणून १९५६ मध्ये तो कोंबडीपालनाच्या नियतकालिकात छापून आला, आणि डॉक्टरमंडळींनी बरीच वर्षं तो वाचलाच नाही. १९६१ मध्ये जॅक मिलर यांनी थायमसचं काम दाखवलं, १९६५ मध्ये मॅक्स कूपर आणि रॉबर्ट गुड यांनी दोन्ही वाटा वेगळ्या मांडल्या. बर्साच्या पेशी त्या बी, थायमसच्या त्या टी. माणसाला बर्सा नाही, ते काम हाडांतल्या मज्जेत होतं. बी हे अक्षर मात्र कोंबडीचंच राहिलं.

तर वडिलांचा अंदाज शास्त्राला धरून होता. माणसातही गम्बोरोसारखा एक आजार आहे, विषाणूनं नव्हे तर जनुकानं होणारा. १९५२ मध्ये ब्रूटन यांनी तो वर्णिला. त्यात बी-पेशी मज्जेतच अडकतात, रक्तात येतच नाहीत, आणि तिन्ही प्रकारची प्रतिपिंडं नसतात. तोही एक्स गुणसूत्रावरचा, मामाकडून भाच्याकडे दिसणारा. पण या बाळाच्या लिम्फोसाइटमध्ये २१ टक्के बी-पेशी होत्या. पिशवी शाबूत होती. आणि आयजीएम तर भरभरून होतं. मी त्यांना म्हणालो, “भाऊ, गम्बोरो नाही. कामगार सगळे हजर आहेत. त्यांना पुढचं काम सांगणारा बोलत नाही.”

इथे जरा थांबावं लागेल, कारण या आजाराचं मर्म इथे आहे.

बी-पेशी जन्मतः आयजीएमच बनवते. आयजीएम म्हणजे पाच-पाच रेणूंचं मोठं चाक. रक्तात फिरतं, पण रक्तवाहिनीबाहेर फुप्फुसाच्या कोपऱ्यात सहसा शिरत नाही. लहान, नेमकं, दूर जाणारं आयजीजी बनवायचं तर बी-पेशीला स्वतःच्या डीएनएचा एक तुकडा कापून टाकावा लागतो. आपल्याच जनुकात कात्री चालवायची, म्हणजे चुकलं तर कर्करोगाचा धोका. म्हणून शरीर ही परवानगी एकट्या बी-पेशीला देत नाही. लसिका ग्रंथीत बी-पेशी जंतू पकडते, पचवते आणि त्याचा तुकडा पृष्ठभागावर मांडते. नेमका तोच तुकडा ओळखणारी मदतनीस टी-पेशी भेटली, तर ती टी-पेशी काही तासांत आपल्या पृष्ठभागावर एक रेणू उगवते, सीडी४० लिगँड. बी-पेशीवर सीडी४० आधीपासून असतो. दोन्ही भिडले की बी-पेशीच्या आत एआयडी नावाचं विकर चालू होतं, आणि तीच कात्री. हे विकर १९९९ मध्ये जपानच्या तासुकु होंजो यांच्या गटाला सापडलं. तिथेच ग्रंथीत पेशींचा घोळका जमतो, बी-पेशी आपली प्रतिपिंडं बदलून बदलून बघतात, आणि ज्यांचं जमतं त्यांनाच टी-पेशी पुढची मदत देतात. निरोप एकतर्फीही नाही. बी-पेशीनं काही खुणा परत दिल्या नाहीत तर टी-पेशीही मदतनीस म्हणून पिकत नाही.

हा निरोप क्षणिक असतो हेही महत्त्वाचं. सीडी४० लिगँड काही तासांत उगवतो आणि साधारण दिवसाभरात मावळतो. तो कायम उगवलेला राहिला तर कुठल्याही ऐऱ्यागैऱ्या बी-पेशीला परवानगी मिळेल, आणि त्यातल्या काही आपल्याच शरीरावर उलटतील. गंमत अशी की तो मुळीच नसला तरीही तसंच होतं. ज्या मुलांत तो नसतो त्यांच्यात स्वतःवर उलटणाऱ्या बी-पेशी जास्त आणि आवर घालणाऱ्या नियामक टी-पेशी कमी आढळल्या आहेत. याच नियामक पेशींच्या कामासाठी शिमोन साकागुची, मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांना २०२५ चं नोबेल मिळालं. पेशींचा संवाद तुटला की संरक्षण कमी पडतं एवढंच आपण धरून चालतो. लगामही त्याच संवादातून जातो, हे विसरतो.

आता कात्रीच बिघडली की लिगँड? दोन्हीकडे आयजीएम जास्त आणि आयजीजी कमी. पण एआयडीच बिघडलेलं असेल तर निरोप येत राहतो, काम होत नाही, आणि घोळके फुगत जातात. अशा मुलांच्या मानेत ठळक गाठी असतात. आमच्या बाळाच्या मानेत, काखेत, जांघेत बोटाला काही लागलं नाही. दुसरं म्हणजे न्यूमोसिस्टिस. ती बुरशी मारायचं काम प्रतिपिंडांवर भागत नाही. फुप्फुसातल्या मॅक्रोफेज या भक्षक पेशींना टी-पेशीनं हाच लिगँड टेकवून चेतवावं लागतं. एकच मुका रेणू, त्यामुळे इकडे बी-पेशी अडल्या आणि तिकडे मॅक्रोफेज थंड. दोन वेगळे आजार वाटतील असं सगळं एका धाग्यात बसत होतं. न्यूट्रोफिल पडणंही. अशा मुलांपैकी साधारण निम्म्यांत ते दिसतं.

खात्रीसाठी टी-पेशी चेतवून बघायच्या होत्या. ही तपासणी मुंबईत, परळला केईएमच्या आवारातल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजीत होते. पेशी जिवंत पोचायला हव्यात. पहिल्या खेपेला आमच्या सिस्टरनं सवयीनं जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त घेतलं आणि वर बर्फाचं पाकीट ठेवून डबा बांधला. दोन्ही चुका, आणि दोन्हींचा धनी मी, कारण सांगायला हवं होतं मी. जांभळ्या नळीतलं ईडीटीए रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं. कॅल्शियमशिवाय टी-पेशी चेततच नाही. बर्फानं तर त्या अर्धमेल्या होतात. नमुना वाया गेला. दुसऱ्यांदा हिरव्या झाकणाची हेपॅरिनची नळी, बर्फ नाही, थर्मोकोलच्या डब्यात नुसती वर्तमानपत्रं. वडील रात्रीच्या गाडीनं डबा मांडीवर घेऊन गेले. सोबत बाळाच्या आईचं रक्त, आणि तुलनेसाठी माझं.

अहवाल फोनवर समजावून घेतला. पेशी चेतवल्या आहेत की नाही याची साक्ष म्हणून सीडी६९ हा दुसरा रेणू बघतात. बाळाच्या टी-पेशींवर सीडी६९ झळकला. म्हणजे पेशी जाग्या झाल्या. सीडी४० लिगँडच्या आलेखात मात्र काहीच हललं नाही, टेकडी न चेतवलेल्या पेशींसारखीच डावीकडे, शून्याजवळ. जागी झाली, पण बोलली नाही.

आईचा आलेख मी प्रिंट काढून ठेवलाय. माझ्या रक्ताला एक उंच टेकडी होती. आईच्या आलेखात दोन, एक बाळासारखी डावीकडे, एक माझ्यासारखी उजवीकडे. बाईच्या प्रत्येक पेशीत दोन एक्स असतात, पण चालू एकच असतो, आणि कुठला ते प्रत्येक पेशी आपापलं ठरवते. तिच्या साधारण निम्म्या टी-पेशी बोलत होत्या, निम्म्या मुक्या. निम्म्यांवर तिचं आयुष्य बिनतक्रार चाललं होतं. तिला हे चित्र दाखवलं तेव्हा तिनं डाव्या टेकडीवर बोट ठेवलं आणि विचारलं, “हाऊ मना भाऊ?” मी हो म्हणालो. जनुकाचा दोष पुढे क्रमवारी वाचून पक्का झाला. पुढच्या गरोदरपणात मुलगा असेल तर निम्मी शक्यता, आणि ते तिसऱ्या महिन्यातच तपासता येतं, हेही त्याच दिवशी सांगितलं.

उपचारांबद्दल थोडक्यात. हजारो दात्यांच्या रक्तद्रवातून काढलेलं इम्युनोग्लोब्युलिन दर तीन-चार आठवड्यांनी शिरेतून, किलोमागे ०.४ ग्रॅम. को-ट्रायमॉक्साझोल रोज, छोट्या डोसात. खरा इलाज मज्जा प्रत्यारोपण, यकृत बिघडण्याआधी. भावंडं नाहीत, म्हणून मुंबईत जुळणारा दाता शोधणं चालू आहे, आणि नाहीच मिळाला तर वडिलांची अर्धी जुळणारी मज्जा. केईएम हे केंद्राच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणातलं उत्कृष्टता केंद्र असल्यानं कागदपत्रं तिथूनच चालली आहेत.

यकृत बिघडवतो तो क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी. तुम्हाआम्हाला आठवडाभर हगवण होईल, यांच्या पित्तनलिका खराब होतात. तो वासरांच्या शेणात असतो आणि पाण्यातून येतो. आजीच्या गोठ्यात दोन वासरं. मी पाणी उकळून द्यायला सांगितलं तर वडील म्हणाले की ग्रामपंचायत टीसीएल टाकते, वर घरी मेडिक्लोरचे थेंब आहेत. मी म्हटलं, क्लोरीननं हा मरत नाही. ते पटेना. शेडवर गम्बोरोची लस पाण्यातून देताना ते आधी पाण्यात दूध पावडर घालतात, कारण क्लोरीनचा अंशही लसीतला विषाणू मारतो. “क्लोरीननं लस मरते, आणि हा किडा मरत नाही?” विषाणूला असं टणक कवच नाही, याला आहे, ते क्लोरीनला दाद देत नाही, पण उकळीनं हा मरतो. हे ऐकून मात्र त्यांनी मान हलवली. खळखळ उकळी फुटल्यावर पूर्ण एक मिनिट, असं ठरलं.

पोलिओची तिसरीच कथा. थेंबांतला विषाणू जिवंत असतो. प्रतिपिंडं नसलेल्या मुलाच्या आतड्यात तो महिनोन् महिने राहून बदलू शकतो. याला जन्मापासून थेंब दिलेले. शौचाचे नमुने तपासले, सुदैवानं काही नाही. पुढच्या पल्स पोलिओला आशाताई दारात आल्या. आईनं नको म्हटल्यावर त्यांनी मला फोन लावला, आवाज चढलेला. त्यांचं चुकलं नव्हतं, घर सुटलं की वरून विचारणा त्यांनाच होते. चिठ्ठी लिहून दिली : या मुलाला तोंडावाटे पोलिओ नाही, घरातल्या इतर लहान मुलांनाही टोचायचीच लस. आता त्या बूथवर येण्याआधी फोन करतात.

आठ महिने झाले. वजन ८.७. डोसच्या आधी मोजलेलं आयजीजी ७४०, आणि आयजीएम आपोआप उतरून ११० वर आलंय. न्यूट्रोफिल अजून खाली-वर होतात. वडील शेडवरून आल्यावर अंगणातच कपडे बदलतात.

दर खेपेला ते एक वही आणतात. पोल्ट्रीतलं छापील रजिस्टर आहे, रकाने तेच : दिनांक, वय, खाद्य, वजन, लस व बॅच नंबर, मरतूक. लसीच्या रकान्यात इम्युनोग्लोब्युलिनच्या बाटलीचा बॅच नंबर, खाद्याच्या रकान्यात ‘वरणभात अर्धी वाटी’. मरतुकीचं नाव त्यांनी प्रत्येक पानावर बॉलपेननं गिरवून खोडलंय, आणि त्या रकान्यात ताप लिहितात. गेल्या महिन्यात तिथे एकच आकडा होता, १००.२, आणि पुढे कंसात ‘दात’.